जुन्या बुलेटला जास्तीची हवा

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी कोल्हापूरला गेलो होतो. तिथे उद्यमनगराच्या बाजूला माझ्या एका शाळासोबत्याचे मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज आहे. चहा सांगून झाल्यावर त्याने कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि माझ्या हातात ठेवली. उलगडून पाहिले तर तो बुलेटचा पिस्टन होता. त्याच्या माथ्याला करंगळी जाईल एवढे भोक पडले होते. भोकाच्या कडा तुटल्यासारख्या नव्हत्या. मेण वितळून ओघळावे तशा त्या गोलसर झाल्या होत्या.

"हे कसं झालं ते सांग," तो म्हणाला. "तुझं शास्त्र काय म्हणतंय बघू."

(आपल्या पाठ्यपुस्तकांत पिस्टनला दट्ट्या म्हणतात. शब्द चांगला आहे, पण मुलांच्या कानावर गॅरेजमधलेच शब्द पडलेले असतात. या लेखात मीही तेच वापरणार आहे.)

पिस्टन त्याच्या वडिलांच्या गाडीचा होता. वडील गेल्यावर ती जुनी ३५० ची बुलेट गॅरेजच्या कोपऱ्यात उभी होती. मित्राने ती नव्याने बांधायला घेतली, आणि बांधता बांधता त्याच्या मनात आले की हिला सुपरचार्जर बसवून पाहावा. जपानमध्ये सुबारू व्हिविओसारख्या ६५८ घ.सें.मी. इंजिनाच्या छोट्या मोटारींवर लहान ब्लोअर बसवलेले असत. तसलाच एक, भंगारात आलेला, त्याला मिळाला होता. त्याचा दांडा एक फेरा फिरला की सुमारे ३०० घ.सें.मी. हवा पुढे ढकलली जाते. हा ब्लोअर त्याने क्रँकवरून पट्टा घेऊन फिरवला, त्याचे तोंड एका नळीने कार्बोरेटरला जोडले आणि गाडी आपल्या शेतातल्या रस्त्यावर पळवली. पहिली दहा-पंधरा सेकंदे ती अशी धावली की वडिलांनी कधी पाहिली नसेल. मग खडखड असा आवाज आला, जोर गेला आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला.

पिस्टनकडे वळण्याआधी इंजिनाला जास्तीची हवा कशाला हवी, ते पाहू. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. आणि पिस्टनची चाल ९० मि.मी. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला चालीने गुणले की ३४६ घ.सें.मी. येतात. गाडीच्या नावातले ३५० ते हेच. (आठवीच्या वर्गाला हे गणित जरूर घालावे. घनफळाचा धडा इतक्या लक्षपूर्वक सोडवलेला मी क्वचितच पाहिला आहे.) चार ठोक्यांच्या इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा हवा आत घेतली जाते. म्हणजे इंजिन एका वेळी फार तर ३४६ घ.सें.मी. हवा ओढणार. ३० अंश सेल्सिअस तापमानाला तिचे वस्तुमान सुमारे ०.४ ग्रॅम भरते. पेट्रोल किती जाळता येईल हे या ०.४ ग्रॅमवर ठरते. पेट्रोल कितीही ओतता येते, पण त्याला जाळायला प्राणवायू नसेल तर ते काळा धूर होऊन बाहेर पडते. तेव्हा एवढ्याच सिलिंडरमधून जास्त ताकद हवी असेल, तर एक तर इंजिन जास्त वेगाने फिरवावे किंवा प्रत्येक श्वासात हवा दाबून भरावी. जुन्या बुलेटला वेग मानवत नाही. तिच्या कॉनरॉडच्या मोठ्या डोळ्यात गोळ्यांचे बेअरिंग नसून सुटा फिरणारा बुश असतो, आणि वेग वाढवला की तो पहिला दगा देतो. मग उरते ते दाबून भरणे.

ही कल्पना नवी नाही. १९३७ साली एर्न्स्ट हेनने याने बीएमडब्ल्यूच्या सुपरचार्जर लावलेल्या ५०० घ.सें.मी. मोटारसायकलवर ताशी २७९.५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. १९३९ साली गेऑर्ग मायर याने तशाच गाडीवर आइल ऑफ मॅनची सीनियर शर्यत जिंकली. युद्धानंतर, १९४६ साली, मोटारसायकल शर्यतींत सुपरचार्जरला बंदी आली आणि हा मार्ग बराच काळ बंद पडला. बीएमडब्ल्यूला दोन सिलिंडर होते, बुलेटला एकच आहे. हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. त्याकडे आपण येणारच आहोत.

आता पिस्टनचे कोडे. मी मित्राला विचारले, "बिघडायच्या आधी काही वेगळं जाणवलं?" तो थोडा थांबून म्हणाला, "टाकीत गुडगुडत होतं. हुक्क्यासारखं."

या गुडगुडीतच सगळे उत्तर होते. बुलेटच्या टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरमध्ये केवळ वजनाने उतरते. टाकी आणि कार्बोरेटर यांच्या पातळीत फरक असतो हातभराचा, फार तर ३५ सें.मी. पेट्रोलची घनता पाण्याच्या सुमारे पाऊणपट धरली, तर या स्तंभाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अडीच टक्के होतो. एरवी तेवढा पुरतो, कारण कार्बोरेटरच्या वाटीवर बाहेरचाच दाब असतो. पण मित्राने ब्लोअरची हवा कार्बोरेटरमध्ये कोंडली होती आणि ऐकीव माहितीवरून वाटीलाही तोच दाब दिला होता. ही दुसरी गोष्ट योग्यच होती. ती केली नसती तर जेटमधून पेट्रोल वर चढलेच नसते. मात्र आता वाटीत बाहेरच्यापेक्षा अर्ध्या वातावरणाने जास्त दाब होता. त्याच्याविरुद्ध पेट्रोल खाली उतरवायचे तर पेट्रोलचा सुमारे सात मीटर उंच स्तंभ हवा, म्हणजे टाकी दुमजली घराच्या गच्चीवर ठेवायला हवी! साहजिकच पेट्रोल खाली येणे बंद झाले. वाटीतली पातळी उतरली, तरंगा खाली गेला, सुई उघडली आणि वाटीतली हवाच उलट वर टाकीत शिरू लागली. तीच ती गुडगुड.

वाटीत होते तेवढे पेट्रोल इंजिनाने दहा-पंधरा सेकंदांत संपवले. त्यानंतर सिलिंडरमध्ये हवा भरपूर आणि पेट्रोल कमी अशी स्थिती झाली. 'कमी पेट्रोल म्हणजे कमी उष्णता' असे वाटेल, पण प्रकार उलटा होतो. भरपूर पेट्रोल असताना त्याचा काही भाग नुसता बाष्प होण्यात उष्णता शोषतो आणि सिलिंडर थंड ठेवतो. तो आधार गेला. शिवाय आत आलेली हवा आधीच तापलेली होती. मग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप एकदम पेटू लागले. मित्राने ऐकलेली खडखड ती हीच.

अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पिस्टनची मिश्रधातू त्याच्याही आधी. सिलिंडरमधली ज्योत तर २००० अंशांच्या वर असते. मग पिस्टन एरवी टिकतोच कसा? एक तर तो मिळालेली उष्णता रिंगांवाटे सिलिंडरच्या भिंतीला सतत देत असतो. दुसरे म्हणजे त्याच्या माथ्यावर वायूचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर साचलेला असतो. गोधडीसारखा तो ज्योतीची धग अडवतो. खडखडीतल्या दाबाच्या लाटा हा थर ओरबाडून काढतात, आणि मग काही सेकंदांचा प्रश्न असतो.

मित्र गप्प झाला. पिस्टनपेक्षा टाकीत शिरलेल्या हवेचा विचार त्याला अस्वस्थ करत होता. टाकीचे झाकण सैल होते. पेट्रोलची वाफ तापलेल्या इंजिनावर आणि त्याच्या मांडीवर येत होती. पेटली नाही हे नशीब.

तरंगा आणि वाटी ही रचना गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालते, आणि हा भरवसा दुसऱ्या महायुद्धात इंग्रज वैमानिकांनाही नडला होता. स्पिटफायर विमान एकदम खाली झुकवले की त्याच्या मर्लिन इंजिनाच्या कार्बोरेटरमधला तरंगा चुकीचे काम करी आणि इंजिन अडखळे. जर्मन मेसरश्मिटच्या इंजिनात पेट्रोल पंपाने फवारलेले असल्याने त्यांना ही अडचण नव्हती. १९४१ साली बीट्रिस शिलिंग या अभियंतीने पेट्रोलच्या नळीत एक छोटी छिद्राची चकती बसवून मर्लिनचा हा दोष बराचसा आटोक्यात आणला. या बाई स्वतः मोटारसायकल शर्यतीत उतरत. ब्रुकलँड्सच्या मैदानावर त्यांनी नॉर्टन गाडीवर ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारलेली होती.

मित्राचा पुढचा विचार असा होता की कार्बोरेटर ब्लोअरच्या आधी बसवू. मग त्याला दाबाचा त्रासच नाही. पूर्वीच्या बहुतेक सुपरचार्जर गाड्यांत असेच असे. पण इथे एका सिलिंडरची अडचण आडवी येते. ब्लोअर अखंड हवा ढकलत असतो. इंजिन मात्र एक मोठा घोट घेते आणि पुढचा पाऊण वेळ झडप बंद करून बसते. हा घोट चालू असताना ब्लोअर त्याच्या पावपटच भरपाई करू शकतो. बाकीचे सुमारे २६० घ.सें.मी. मधल्या नळीत साठलेल्या हवेतून यायला हवे. नळी अर्ध्या लिटरची असेल तर तिच्यातली निम्मी हवा एका घोटात जाईल आणि दाब कोसळेल. तीन लिटरची टाकी मध्ये घातली तर घट नऊ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणून हवेची टाकी हवीच. गावात पाण्याचा पंप अखंड चालतो आणि लोक मात्र सकाळ-संध्याकाळ पाणी घेतात, म्हणून मध्ये उंच टाकी बांधतात, तसेच हे आहे.

आता कार्बोरेटर ब्लोअरच्या आधी असेल, तर या तीन लिटरच्या टाकीत नुसती हवा नाही, पेटायला तयार असे मिश्रण दाबून भरलेले असणार. किती ऊर्जा होते पाहा. दीड वातावरण दाब आणि शंभर अंश तापमान धरले तर तीन लिटरमध्ये सव्वाचार ग्रॅम हवा मावते. तिच्याबरोबर ०.३ ग्रॅम पेट्रोल. दर ग्रॅमला ४४ किलोज्यूल धरले तर सुमारे १३ किलोज्यूल होतात. पासष्ट किलोच्या माणसाला वीस मीटर उंच उचलायला एवढी ऊर्जा लागते, आणि ही टाकी चालवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसणार. जुन्या गाडीची झडप नीट बसली नाही की ज्योत उलट फिरते, हे ज्याने बुलेटला किक मारली आहे त्याला सांगायला नको. मी त्याला स्पष्ट सांगितले की हा मार्ग नको.

तेव्हा टाकीत फक्त हवा ठेवायची आणि पेट्रोल अगदी शेवटी, झडपेच्या तोंडाशी फवारायचे, हे ठरले. फ्युएल इंजेक्शनकडे आम्ही हौसेने गेलो नाही, असे ढकलले गेलो. (भारत स्टेज ६ चे नियम आल्यावर, २०२० पासून, नव्या बुलेटलाही कार्बोरेटर नसतो. तिथले कारण धुरातल्या प्रदूषकांचे आहे.) १९८२ साली होंडाने सीएक्स ५०० टर्बो ही गाडी काढली, तेव्हा तिच्यातही दाबून हवा आणि संगणकाने मोजलेले इंजेक्शन या दोन गोष्टी जोडीनेच आल्या होत्या. ४९७ घ.सें.मी.ला ८२ अश्वशक्ती मिळत होती.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी बारीक तोटी. तिच्यामागे पंपाने तीन वातावरणांचा दाब ठेवलेला असतो. पेट्रोलच्या स्तंभात मोजला तर चाळीस मीटर. शिवाय दाब नियंत्रक हा फरक हवेच्या टाकीतल्या दाबाच्या तुलनेत राखतो. टाकीत दाब वाढला तर पेट्रोलचाही तेवढाच वाढतो. सात मीटरचा आमचा प्रश्न इथे संपला. तोटी किती वेळ उघडी ठेवायची एवढेच आता ठरवायचे.

त्यासाठी सिलिंडरमध्ये किती वस्तुमानाची हवा गेली ते कळायला हवे. कार्बोरेटर हे जेट आणि सुईच्या आकाराने अंदाजे साधतो. संगणक चक्क आपल्या अकरावीचे आदर्श वायूचे समीकरण सोडवतो. आकारमान माहीत आहे, ३४६ घ.सें.मी. दाब एक संवेदक सांगतो, तापमान दुसरा सांगतो. दाबाला आकारमानाने गुणून तापमानाने भागले की हवेचे वस्तुमान मिळते. सिलिंडर प्रत्यक्षात किती टक्के भरतो हे वेगानुसार बदलते. ते आकडे एका तक्त्यात घालावे लागतात, आणि खरी मेहनत या तक्त्यात जाते.

आमच्या आकड्यांनी हे करून पाहू. ब्लोअरने दाब दीडपट केला तर हवाही दीडपट जाईल का? नाही. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून हवा भरली तर पंप तापतो, तसा ब्लोअरही हवा तापवतो. ३० अंशांची हवा आदर्श रीतीने दीडपट दाबली तर ती ६७ अंशांवर जाते. आमचा साधा ब्लोअर बरीच शक्ती हवा घुसळण्यातच घालवतो, त्यामुळे ती शंभराच्या आसपास पोहोचते. केल्विनमध्ये ३०३ चे ३७३ झाले. दीडला या प्रमाणात कमी केले की १.२२ उरतात. दाब पन्नास टक्क्यांनी वाढवला आणि हवा वाढली बावीस टक्के! मध्ये एक रेडिएटर घालून हवा ६० अंशांपर्यंत थंड केली तर ही वाढ छत्तीस टक्के होते. म्हणून तो रेडिएटर ब्लोअरइतकाच महत्त्वाचा आहे. मित्राने तो आधी शोभेची वस्तू म्हणून नाकारला होता.

बावीस टक्क्यांच्या हिशेबाने एका श्वासात सुमारे अर्धा ग्रॅम हवा जाते. दाबावर चालताना साडेबारा भाग हवेला एक भाग पेट्रोल देतो, म्हणजे ३९ मिलिग्रॅम. आकाराने हा जेमतेम एक थेंब. मिनिटाला ४५०० फेरे असताना दर २७ मिलिसेकंदांनी असा एक थेंब लागतो. आमची तोटी मिनिटाला २४० घ.सें.मी. देणारी आहे, त्यामुळे ती १३ मिलिसेकंद उघडी राहते. गाडी उभी असताना याच तोटीला त्याच्या पाव भागात काम करावे लागते, आणि नुसते उघडायलाच तिला एक मिलिसेकंद लागतो. फार मोठी तोटी घेतली असती तर रस्त्यावर चालली असती, पण सिग्नलला बंद पडली असती.

इथे पुन्हा एका सिलिंडरने सतावले. थ्रॉटल आणि झडप यांच्यामधल्या अरुंद जागेतला दाब घोटागणिक वर-खाली उसळतो. सुरुवातीला संगणक कुठल्याही क्षणीचा दाब वाचत होता, आणि गाडी खोकल्याची उबळ आल्यासारखी चालत होती. चार सिलिंडरच्या मोटारीत या लाटा एकमेकींत मिसळून सपाट होतात. आम्ही क्रँकवर दात असलेली चकती बसवली होतीच. तिच्यावरून कोन ओळखून, झडप बंद होण्याच्या जरा आधी, दर वेळी एकाच ठिकाणी दाब वाचायला संगणकाला सांगितले. उबळ थांबली. हे शोधायला दोन महिने गेले. करायला दहा मिनिटे लागली.

मग वीज. पंपाला साधारण चार-पाच अँपिअर लागतात, त्यावर इंजेक्टर, संगणक, ठिणगी. जुन्या बुलेटची वीजयंत्रणा ६ व्होल्टची. ती काढून नंतरच्या गाड्यांचा १२ व्होल्टचा अल्टरनेटर घातला. त्याचा दांडा लांबवून त्यावरच ब्लोअरची पुली बसवली. ती उद्यमनगरातच लेथवर कातून घेतली, एकूण तीन मापांची. आणखी एक बारीक गोष्ट: किल्ली फिरवल्यावर पंपाचा आवाज थांबेपर्यंत दोन सेकंद थांबून मग किक मारायची. मित्राचा जुना कामगार हे अजून विसरतो आणि गाडीला शिव्या देतो.

एक गोष्ट मात्र जुन्या इंजिनाने फुकट दिली. त्या काळच्या हलक्या पेट्रोलसाठी बुलेटचे दाबगुणोत्तर मुळातच कमी, ५.५ ते ६.५ च्या दरम्यान ठेवलेले होते. आजच्या गाड्यांचे नऊ-दहा असते. तापलेली हवा बुलेटमध्ये आणखी कमी दाबली जाते, म्हणून खडखडीपासून थोडी जागा उरते. आधुनिक इंजिनाला अर्धे वातावरण जास्त देणे याहून धोक्याचे झाले असते.

फळ काय मिळाले? मूळ गाडी १८ अश्वशक्तीची. छत्तीस टक्के वाढ पुरी मिळाली असे धरले तर साडेचोवीस होतात. त्यातून ब्लोअर फिरवायला दोन वजा जातात. म्हणजे बावीस-तेवीस. ५०० ची जुनी बुलेट कारखान्यातूनच बावीस अश्वशक्तीची येत असे. हा हिशेब मी मित्राला कागदावर मांडून दाखवला, तेव्हा तो मनापासून हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेडिएटरची नळी जोडत बसला. त्याचे म्हणणे असे की मूळ जोर वरच्या वेगाला मिळायचा, आता तो २५०० फेऱ्यांनाच मिळतो. त्यात तथ्य आहे.

गाडी सार्वजनिक रस्त्यावर जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याच्या तपशिलाहून वेगळा असा बदल गाडीत करता येत नाही. ती त्याच्या शेतातल्या रस्त्यावरच चालते. सायलेन्सरच्या तोंडाशी बसवलेला प्राणवायूचा संवेदक हवा-पेट्रोलचे प्रमाण लगेच पडद्यावर दाखवतो, तरी मित्र दर फेरीनंतर प्लग काढून त्याचा रंग पाहतो. बदामी असला तर ठीक. दोन्ही साक्षी बहुधा जुळतात. एकदा जुळल्या नव्हत्या, तेव्हा प्लग खरा ठरला. संवेदकाच्या आधीच्या सांध्यातून बाहेरची हवा शिरत होती.

सध्या ४५०० फेऱ्यांच्या पुढे संगणक ठिणगीच बंद करतो. कॉनरॉडचा तो बुश काढून रोलर बेअरिंग बसवायचे ठरले आहे. त्यासाठी क्रँक उघडावा लागेल, आणि ते काम पावसाळ्यात, गॅरेजला गिऱ्हाईक कमी असते तेव्हा, होईल.